उन्हाचं ऊन पाणी

सातारा-सांगलीकडे ‘बॉयलर’ म्हटलं की घर आठवत नाही, कारखाना आठवतो. दसऱ्याच्या मागेपुढे साखर कारखान्यांच्या ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ समारंभांच्या बातम्या येऊ लागतात, कुणी संचालक सपत्नीक पूजेला बसतात आणि मग बगॅसवर पेटलेली ती भट्टी गळीत हंगामभर धगधगत राहते. घरात पाणी तापवायचं ते बंबात, आणि बंबाला बॉयलर म्हणायचं कधी कुणाला सुचलं नाही. आता बंबाचं काम गच्चीवरच्या सोलरनं उचललं आहे. तो घेताना आपण लिटर विचारतो, नळ्या मोजतो, वॉरंटीची वर्षं पक्की करून घेतो. हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. जोडणी मात्र कुठेच छापलेली नसते. तीच टाकी, त्याच नळ्या, तेच पाइप एका घरात वर्षानुवर्षं निमूट राबतात आणि दुसऱ्या घरात पहिल्याच हिवाळ्यात कुरकुर सुरू करतात. मिरजेतही भोपळा आणि तारा सगळ्यांना सारख्याच मिळतात. तंबोरा बोलू लागतो तो जवारी लावणाऱ्याच्या हातानं. असा एक हात दिवाळीच्या तोंडावर आमच्या साताऱ्याच्या घरी तीन दिवस राबत होता. हे रसग्रहण त्या हाताचं.

त्या हाताची ओळख झाली सांगलीत, विश्रामबागेतल्या बहिणीकडे. तिच्याकडचा सोलर आधी दुसऱ्याच कुणी बसवलेला. त्याची हवानळी, म्हणजे गरम टाकीवर ताठ उभी असते ती उघड्या तोंडाची नळी, दिवसभर ठिबकत असे. बसवणाऱ्यानं उपायही सांगून ठेवला होता: गार पाण्याची टाकी अर्धीच भरत जा! बहीण दोन वर्षं इमानानं अर्धी टाकी भरत होती. मग आले अण्णा, ज्यांचा तो हात. त्यांनी हवानळीच्या तोंडाकडे पाहिलं, टाकीतल्या पाण्याच्या पातळीकडे पाहिलं आणि नळीला हातभर तुकडा जोडून ती पातळीच्या वर नेली. ठिबकणं थांबलं. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी सारख्याच उंचीवर येऊन थांबतं, हे शाळेत आपण सगळेच शिकलेलो असतो. नळीचं तोंड त्या उंचीच्या खाली राहिलं तर पाणी तिथून बाहेर येणारच. अण्णांनी नवा भाग विकला नाही की जुन्या माणसाला नावं ठेवली नाहीत. “दोन उंच्या जुळत नव्हत्या,” एवढंच म्हणाले. एका वाक्यात निदान आणि हातभर तुकड्यात उपचार, ही काटकसर पाहूनच मी त्यांना साताऱ्याला बोलावलं.

ते आले आणि गच्चीवर जायच्या आधी न्हाणीघरात शिरले. बंब बघायला. आमचा बंब तांब्याचा, आईच्या लग्नाच्या वेळचा. तांबटानं ठोकून ठोकून आणलेली त्याची गोलाई अजून उजेड धरते. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पाण्याच्या पोटातून आरपार धुराड्याची नळी, खाली जाळी, जाळीखाली राख. करवंट्या, ढलप्या, मक्याची बुरकुंडं, शेणीचे तुकडे, जे असेल ते वरून नळीत सोडायचं. चुलीवरच्या हंड्याला जाळ बाहेरून चाटतो आणि निम्मा वाया जातो. इथे जाळ पाण्यानं चहूकडून वेढलेला, त्यामुळे उष्णतेला पाण्याला भेटल्यावाचून जाताच येत नाही. त्याहून देखणं आहे ते नरसाळं. त्याची दांडी आत पार तळापर्यंत उतरलेली आणि तोटी मात्र वरच्या अंगाला. नरसाळ्यात तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत बाहेर. गार पाणी तळाशी जाऊन बसतं, गरम वर तरंगतं आणि दोघं सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. लहानपणी मला ही जादू वाटे. अण्णांनी नरसाळं उचलून दांडी पाहिली, परत बसवली आणि म्हणाले, “सर, सोलर म्हंजे हाच की. निस्ता जाळ तेवढा बाहेर काढलाय.” बंबावर इतकं नेमकं भाष्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

पुढचे तीन दिवस त्यांनी केलं ते या एका नियमाचं आलापन. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, त्याची जागा घ्यायला गार पाणी खाली उतरतं. नळ्या खाली, टाकी वर. ऊन आहे तोवर हा चढ-उतार आपोआप चालू. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. म्हणूनच इथे सगळी मदार उंचीवर आणि ढाळावर. मोटर असती तर तिनं जोडणीतले दोष रेटून नेले असते. आपल्या मर्जीनं वाहणारं पाणी मात्र कुणाची चूक पोटात घालत नाही.

पहिलं काम दिशेचं. सोलरचं तोंड दक्षिणेला हवं, हे कुणीही सांगेल. पण दक्षिण कुठे? मी फोनमधलं होकायंत्र पुढे केलं. अण्णांनी ते स्लॅबवर दोन ठिकाणी ठेवून दाखवलं आणि दोन्हीकडे काटा वेगळा पडला. स्लॅबमधल्या सळ्या त्याला फितवतात. मग त्यांनी काठीला ओळंबा टांगला आणि सावलीच्या टोकाशी खडूनं खुणा करत बसले. बारा वाजले तरी उठायचं नाव नाही. “आपले बारा घड्याळाचे,” म्हणाले, “सूर्याचे अजून वाजायचेत.” हे शब्दशः खरं आहे. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, आणि सातारा ७४ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य मध्यावर येतो तो सरासरीनं १२ वाजून ३४ मिनिटांनी, आणि दिवाळीच्या सुमारास सव्वाबाराच्या जरा पुढे. सावली आखूड होत होत थबकली आणि पुन्हा वाढू लागली. सगळ्यात आखूड सावलीची रेघ ती खरी उत्तर-दक्षिण. ती गच्चीवर खडूनं ओढून झाल्यावर अण्णा उभे राहिले. रेघेच्या एका टोकाला अजिंक्यतारा होता. शहराच्या दक्षिणेला उभा असलेला हा किल्ला थंडीच्या दिवसांत पायथ्याच्या घरांचं कोवळं ऊन अडवून धरतो. म्हणून त्यांनी सोलर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला, डोंगरापासून जमेल तितका लांब. एका काठीच्या सावलीत त्यांनी सूर्य आणि किल्ला दोन्ही वाचले, आणि ते वाचन एका खडूरेघेत मावलं.

मग कलतेपणा. साताऱ्याचे अक्षांश सुमारे १७.७, सांगलीचे १६.९. वर्षभराचं ऊन गोळा करायचं तर नळ्या साधारण तेवढ्याच अंशांनी कलवाव्यात असं पुस्तकी गणित सांगतं. अण्णांनी त्या तीस अंशांच्या आसपास नेल्या. मागचे पाय उंच ठोकळ्यांवर, पुढचे बुटक्यांवर. मी कारण विचारलं तर उलट मलाच प्रश्न: “मे महिन्यात तुम्ही कढत पाणी घेता का?” मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या दोन्ही गावांवर सूर्य भरदुपारी डोक्यावर येतो, सावली पायाखाली लपते. तेव्हा ऊन उदंड आणि गरम पाण्याला गिऱ्हाईक नाही. डिसेंबरात मात्र सूर्य मध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश चढतो, आणि नेमकी तेव्हाच बादली भरायची असते. जास्त कललेल्या नळ्या त्या खालच्या सूर्याकडे तोंड करतात. उन्हाळ्यातलं थोडं ऊन सोडून देतात आणि थंडीतलं पदरात पाडून घेतात. वर्षाची बेरीज किंचित कमी, पण गरजेच्या दिवसांची जास्त. कधी हवं हे ज्याला कळलं त्यालाच किती हवं हेही कळतं. त्या बारा-तेरा जादा अंशांत घरातल्या माणसांचा सगळा हिवाळा मोजलेला होता.

ठोकळ्यांकडेही थांबून पाहावं. स्टँडचे पाय स्लॅबला भोकं पाडून बोल्टनं आवळणं सोपं असतं, आणि साताऱ्याच्या पावसात त्याच भोकांतून पाणी झिरपून खालच्या खोलीचं छत काळं पडतं. अण्णांनी स्लॅबला ड्रिल लावलंच नाही. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवले. ठोकळे असे, की वजनानंच वाऱ्याला दाद देणार नाहीत. ते ठेवले तेही खालच्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर, कारण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, शिवाय टाकीचं आणि नळ्यांतल्या पाण्याचं वजन वेगळं. ठोकळ्यांच्या खाली पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून त्यांनी गच्चीचा ढाळ आधी बादलीभर पाणी ओतून पाहिला आणि ठोकळे त्याच्या वाटेतून बाजूला सरकवले. पुढच्या आषाढाची सोय ही अशी आश्विनात झाली.

नळ्या बसवायचा दिवस खरा देखणा. एकेक नळी म्हणजे लांबुडका थर्मास: काचेत काच, मध्ये निर्वात पोकळी, आतल्या काचेवर ऊन पिणारा काळा लेप. वीस नळ्या खोक्यातून निघाल्या आणि अण्णा प्रत्येकीचं बंद टोक उजेडात धरून पाहू लागले. त्या टोकाला आतून चांदीसारखा आरसा असतो. तो बेरियमचा थर. पोकळीत चुकून उरलेली हवा गिळायला बसवलेला पहारेकरी. काचेला केसभर तडा जाऊन आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. डोळ्याला नळी अखंड दिसते, पण तिचा थर्मासपणा गेलेला असतो. विसातली एक त्यांनी अशी बाजूला काढली, पांढऱ्या टोकाची. मी हातात घेऊन पाहिली तर मला काही दिसेना. त्यांनी बोट ठेवल्यावर मग मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं ते टोक डोळ्यांत भरलं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीनं ‘प्रभाकर’ कंदिलांच्या काचा घरोघर पोहोचवल्या, त्या मुलखात काच पारखणारी नजर निपजली यात नवल वाटायला नको. तरी नवल वाटलं.

हे सगळं चाललं होतं पहाटे, सूर्य यायच्या आत. याचंही कारण आहे. रिकामी नळी उन्हात राहिली तर आतली काच २०० अंशांच्या पुढे तापू शकते, आणि तिच्यावर गार पाणी आलं की ती तडकते. म्हणून पाणी भरायचं ते काच गार असताना. रबरी कड्यांना साबणाचं पाणी लावून अण्णा नळी हलकेच फिरवत वर सरकवत, मग जरा खाली घेऊन तळच्या वाटीत टेकवत. जोर कुठेच नाही. बांगड्या भरणाऱ्या बाईच्या हातासारखा हात, दाबापेक्षा वळण जास्त. एकोणीस नळ्या बसल्या, विसावी दुपारी बदलून आली, तर त्यांनी ती त्या दिवशी लावलीच नाही. एका नळीसाठी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आले. ऊन चढल्यावर त्यांनी माझा हात एका नळीवर ठेवायला लावला. बाहेरची काच गार होती. आत पाणी तापत होतं. उष्णतेला आत शिरायला वाट आहे, बाहेर पडायला नाही, हे तळहाताला असं समजावणारा शिक्षक मला शाळेत लाभला असता तर!

आता पाइप. गार पाण्याची टाकी सोलरच्या डोक्याच्या वर हवी, म्हणून तिचा ओटा दोन थरांनी चढवला. त्या टाकीतून निघालेला पाइप जवळच्या वाटेनं सोलरकडे न जाता आधी थेट गच्चीपर्यंत खाली उतरतो आणि मग वर चढून सोलरच्या टाकीच्या तळाशी शिरतो. मला हे उगाच वाढवलेलं वळण वाटलं होतं. पण तिथेच खुबी आहे. सरळ वाट दिली असती तर रात्री गरम पाणी त्याच वाटेनं वर चढून गार टाकीत गेलं असतं आणि सकाळपर्यंत दोन्ही टाक्या कोमट झाल्या असत्या. गरम पाण्याला खाली उतरायचा कंटाळा असतो, हे ठाऊक असलेल्या माणसानं त्याच्या वाटेत एक उतार टाकून ठेवला. दाराला कडी न लावता दार बंद!

गरम पाण्याच्या पाइपाला मात्र कुठेही उंचवटा चालत नाही. उंचवट्यात हवा धरते आणि धार तुटते. पारदर्शक नळीची पाणसळ धरून त्यांनी पाइपाचा ढाळ सूतभरही चुकू दिला नाही. पाइप सीपीव्हीसीचा, गरम पाणी सोसणारा. बहिणीकडे आधीच्यानं साधा पांढरा पाइप वापरला होता. तो मऊ पडून दोन क्लॅम्पच्या मध्ये दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखा लोंबत होता. पण चांगला पाइपही तापला की वाढतो. दहा मीटरचा सीपीव्हीसी पाइप चाळीस अंशांनी तापला तर सुमारे अडीच सेंटीमीटर लांब होतो. म्हणून अण्णांनी क्लॅम्प आवळले नाहीत, पाइप त्यांत सरकेल एवढे सैल ठेवले आणि लांब पट्ट्यात एक चौकोनी वळण घातलं. वाढलेली लांबी त्या वळणात मुरते. मग पाइपाची लांबी. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. वीस मीटर पाइप म्हणजे गरम धार येण्याआधी पाच लिटर गार पाणी मोरीत. न्हाणीघरापर्यंतची सगळ्यात छोटी वाट त्यांनी दोरीनं मोजून काढली आणि तिला वरून फोमचं आवरण चढवलं. प्रत्येक मोठ्या जोडाशी एक युनियन, म्हणजे पुढे कधी काही उघडायचं झालं तर करवत लागू नये. हे काम करणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्यानंतरही इथे कुणी हात घालणार आहे, आणि त्या अनोळखी हाताची त्यानं आधीच काळजी घेतलेली असते.

ही शिस्त आली कुठून? अण्णांचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आणि अण्णांनी सुरुवातीची उमेदवारी केली ती इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, साताऱ्यात कूपरांची इंजिनं घडू लागली. या मुलखात शेतकऱ्याच्या पोराच्या हाती नांगराबरोबर पानाही आला तो तेव्हापासून. लोखंड, वाफ आणि पाणी यांच्याशी बोलायची एक रीत इथे हातांहातांतून चालत आली आहे. अण्णा पाना फिरवताना शेवटचा अर्धा आटा नेहमी थांबून, कान देऊन घेतात. त्या थांबण्यात मला ती रीत दिसली.

शेवटचं काम न्हाणीघरात, आणि माझ्या मते सगळ्यात बारीक. गरम आणि गार पाणी एकत्र करणारा मिक्सर नळ. मी म्हटलं, गार पाणी खालच्या नळाच्या लाइनीतून घ्या, ती जवळ आहे. त्यांनी नकार दिला. गार पाणीही वरच्या त्याच टाकीतून आणलं, वेगळा पाइप टाकून. कारण दाब. गरम पाणी टाकीच्या उंचीच्या जोरावर खाली येतं. गार पाणी दुसऱ्या जोराचं असेल तर ते गरमाला मागे ढकलतं. नळ एकाच जागी असताना धार कधी चटका देते, कधी शहारा आणते. दोन्हींचा जन्म एकाच टाकीत झाला की दाब सारखा राहतो, आणि बोटभर फिरवला तर बोटभरच फरक पडतो. आपल्याकडे याला जुना शब्द आहे: विसण. कढत पाण्यात गार घालून ते अंगाला सोसवेल असं करणं. बंबाच्या काळात हे काम आईचं. तिनं घातलेलं विसण कधी चुकत नसे. अण्णांनी ते नळात बसवलं.

जाताना त्यांनी बंब मोडीत काढायचा विषय माझ्या तोंडून ऐकला आणि न विचारता बंबाशेजारी गार पाण्याचा एक नळ काढून दिला. आईला म्हणाले, “आजी, आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत न्हाई साताऱ्याला. तवा हाच.” विजेची कॉइल टाकता आली असती, पण १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साडेचार युनिटांच्या वर वीज लागते, आणि ढलप्या अंगणात पडून आहेत. आपल्या कामाची मर्यादा आपणच आधी सांगून तिथे जुन्या कारागिराच्या कामाला जागा करून द्यायची, ही खानदानी गवयाची अदब.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई सगळ्यांच्या आधी उठली. बंब तिनं आदल्या दिवशीच चिंचेनं लख्ख घासून त्याला झेंडूची माळ घातली होती. तो न पेटताच सजून उभा होता. तिनं मिक्सर फिरवला, बादली भरू दिली आणि सवयीनं गार पाण्याचा तांब्या हातात धरून उभी राहिली. मग बादलीत बोटं बुडवली. तांब्या तसाच खाली ठेवला.

“ऊन आहे,” म्हणाली.

बाहेर अजून अंधार होता.